सादरकर्ता

इस्त्री शर्टाच्या कॉलरवर तशीच राहिली आणि कापड करपल्याचा वास खोलीभर पसरला, तेव्हा धाकट्याला कळलं की बायको खरोखर ऐकते आहे. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात तिच्या इस्त्रीखाली साधा रुमालही कधी पिवळा पडला नव्हता. आज ती टेबलाशी उभी होती, एक हात इस्त्रीच्या मुठीवर, मान रेडिओच्या बाजूला कललेली आणि तोंड जरासं उघडं. असं उघडं तोंड तिचं फक्त झोपेत असायचं. त्याने पुढे होऊन इस्त्री उचलली, बटण बंद केलं. तिला कळलंही नाही. रेडिओवर फिडल वाजत होतं. व्हायोलिनच ते, पण खेड्यातले वादक त्याला फिडल म्हणतात आणि हनुवटीखाली न धरता छातीला टेकवून वाजवतात. श्वास आत गेला की वाद्य वर उचललं जातं, बाहेर आला की खाली बसतं, आणि हात चांगला असेल तर ऐकणाऱ्याला वाटतं, लाकूडच श्वास घेतंय. हा हात चांगला होता. सात मिनिटं वाजलं आणि थांबलं. मग नवी निवेदिका, त्याच्या निवृत्तीनंतर त्या खुर्चीत बसलेली तिसरी की चौथी, आपल्या धावत्या आवाजात म्हणाली, "ही होती परतीची चाल. आपल्या केंद्राचे ज्येष्ठ निवेदक आणि फिडलवादक आज पंच्याहत्तर वर्षांचे झाले. त्यांचं हे वादन आजवर कधीच प्रसारित झालेलं नव्हतं, आम्हाला ते जुन्या कपाटात सापडलं. सादरकर्ते अर्थातच ते स्वतः."

बायकोने वळून त्याच्याकडे पाहिलं. "हे कधी वाजवलंत तुम्ही?"

"जुनं आहे," तो म्हणाला.

जुनं होतंच. एकतीस वर्षांपूर्वीचं होतं. फक्त ते त्याने वाजवलेलं नव्हतं, थोरल्याने वाजवलेलं होतं.

थोरला त्याचा भाऊ नव्हे. धाकटा आईवडिलांना एकुलता एक, आणि तरी धाकटा. कारण वडिलांकडे फिडल शिकायला मागच्या आळीतल्या सुताराचा मुलगा आधी आला, हा नंतर. वडील गावचे वादक. लग्न असो, नवं घर असो, माणसं त्यांना बोलवायची, आणि संध्याकाळी कामावरून परतणाऱ्यांसाठी ते ओट्यावर बसून परतीची चाल वाजवायचे. शिकवताना नावं घ्यायचा त्यांना कंटाळा. "थोरल्या, तू धर. धाकट्या, तू ऐक." एवढ्यावर दोन मुलांची आयुष्यभराची नावं पडली. आईसुद्धा त्याला धाकटा म्हणायला लागली, तेव्हा सात वर्षांच्या त्याने विचारलं होतं, "मग आपला थोरला कुठाय?" आई हसून म्हणाली, "तो काय, रंधा मारतोय." त्या हसण्यात काही नव्हतं, पण त्याला मात्र ते लागलं होतं. दोघं ओट्यावर शेजारी बसत. तो वाजवायला लागला की वडिलांचा उजवा पाय ताल धरायचा, न चुकता, शेवटपर्यंत. थोरला वाजवायला लागला की पाय थांबायचा. कित्येक वर्षं त्याला वाटत होतं की वडिलांना थोरल्याचं आवडत नाही, म्हणून पाय थांबतो, आणि त्या थांबलेल्या पायाकडे बघत तो मनातल्या मनात सुखी व्हायचा. अकराव्या वर्षी एका संध्याकाळी, काही कारण नसताना, त्याला पाय थांबण्याचा अर्थ कळला. त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही. आईने कपाळाला हात लावून पाहिला, म्हणाली ताप नाही. ताप नव्हताच.

"पुन्हा लावता येईल का हो ते?" बायको विचारत होती.

"रेडिओ आहे तो. पुन्हा कसं लागणार."

"कुठल्या सालचं?"

"एकतीस वर्षं झाली असतील."

तिने ओठ हलवून हिशेब केला. "म्हणजे आपली मुलगी सहावीत होती," ती म्हणाली, आणि करपलेला शर्ट तसाच हातात घेऊन खुर्चीवर बसली. शर्टाकडे तिचं लक्षच नव्हतं. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळत चाललं होतं, आणि ते बघताना धाकट्याच्या छातीत, वाद्य टेकतं नेमक्या त्याच जागी, जुनी ओळखीची कळ आली. बाजारात नवऱ्याच्या डोळ्यांदेखत बायकोने परक्या पुरुषाकडे वळून पाहावं, तशी. त्याचं वादन तिने काय कमी ऐकलं होतं? लग्नानंतर पहिल्या आठवड्यात त्याने तिला ओळीने चार चाली ऐकवल्या. ती पदर सावरून बसली होती. चौथी संपल्यावर म्हणाली, "छान आहे. भाजी लागेल, जाऊ का?" पुढे पंचेचाळीस वर्षं "छान" होतंच. छान म्हणजे स्वच्छ, टापटीप, जागच्या जागी. वर्तमानपत्रातही कुणी लिहायचं तर "स्वच्छ वादन" असंच लिहायचं, जसं एखाद्याच्या मोरीबद्दल लिहावं.

रेडिओ केंद्रात तो बाविसाव्या वर्षी लागला, तोही थोरल्याच्या सोबतीने. चाचणीच्या दिवशी थोरला त्याची फिडलची पेटी उचलून आला होता, धाकट्याचे हात गार पडू नयेत म्हणून. "तू हात खिशात ठेव, पेटी मी घेतो." लांबलचक बोळ, तपकिरी दारं, दारांवर लाल दिवे. थोरला बाकावर बसला, पायाशी पेटी, नखांत लाकडाचा भुसा. धाकट्याने आत तीन चाली वाजवल्या, मग एक बातमी वाचून दाखवली. परीक्षक बाहेर आले, थोरल्याची बोटं बघून थबकले. डाव्या हाताच्या टोकांवर तारांचे घट्टे होते, ते जाणत्या माणसापासून लपत नाहीत. "तुम्हीही वाजवता का?" त्यांनी विचारलं. थोरला उत्तर द्यायला उठत होता. धाकटा म्हणाला, "तो सुतार आहे." परीक्षक "बरं बरं" म्हणून निघून गेले. थोरला पुन्हा बसला आणि हसला, म्हणाला, "हो की, दाराची दोन कामं राहिलीत, निघू या." तो सुतार होताच. धाकटा आयुष्यात खोटं असं कधी बोलला नाही. कुणी त्याच्यापुढे ग्रंथ ठेवला असता तर त्यावर हात ठेवून त्याला हे सांगता आलं असतं. आणि हेच त्याला आता, या इस्त्रीच्या वासात, सगळ्यात जास्त टोचत होतं. खोटं बोललेला माणूस निदान एकदा खरं बोलून मोकळा होतो. हा काय बोलून मोकळा होणार?

नोकरी त्याने मनापासून केली. रविवारचा ‘गावचे सूर’ हा कार्यक्रम बत्तीस वर्षं त्याचाच. सुरुवातीला अकरा सेकंदांची खुणेची धून वाजायची, ती त्याने स्वतः वाजवलेली. मग त्याचा आवाज. आवाज मात्र देवाने त्याला खरा दिला होता. शिंप्याकडे माप देताना शिंपी टेप गळ्यात टाकून थांबायचा, "साहेब, आवाज ओळखीचा वाटतो." डॉक्टर स्टेथोस्कोप काढून म्हणायचे, "अरे, रविवारवाले तुम्हीच की." फिडल कुणी ओळखलं नाही, बत्तीस वर्षांत एकानेही नाही. टेपवाला, म्हणजे केंद्राचा ध्वनिमुद्रक, आणि तो जीप घेऊन खेडोपाडी जायचे, म्हाताऱ्या वादकांना ओट्यावर बसवायचे, कोंबड्या हाकलायचे, घड्याळं थांबवायचे. चारशेवर चाली त्याने गोळा केल्या. त्यातल्या कितीतरी म्हाताऱ्यांचा हात त्याच्यापेक्षा सरस होता आणि त्याला एकाचंही वाईट वाटलं नाही. त्यांची नावं तो रेडिओवर कौतुकाने, सावकाश, गावासकट घ्यायचा. हेवा हा सगळ्यांचा करता येत नाही. तो एकाचाच करता येतो, नेम केल्यासारखा, रोज थोडा थोडा.

"ऐका ना," बायको म्हणाली. तिचा आवाज वेगळाच लागला होता, लग्नाच्या आधी कुणाशी बोलत असेल तसा. "ते वर्ष आठवतं तुम्हाला? चिठ्ठ्या लिहायचो आपण एकमेकांना. टेबलावर. ‘दूध संपलं.’ ‘किल्ली शेजारी आहे.’ सहा महिने तोंडातून शब्द काढला नव्हतात तुम्ही."

"आठवतं."

"मी बॅग काढली होती माळ्यावरून. माहेरी जायचं ठरवलं होतं. कधी बोलले नाही. मला वाटायचं, या माणसाच्या आत काही नाहीच. बाहेर एवढा गोड आवाज, आणि आत नुसती रिकामी खोली." तिने शर्टाची बाही उगाच सरळ केली. "आणि हे आत होतं. आज कळलं. मी उगाच... तुम्ही सांगायचं तरी होतंत हो."

तो काहीतरी पुटपुटला. पुढे ती जे म्हणाली त्याची त्याला भीतीच होती. "आता वाजवा ना. तेच. माझ्यासाठी."

नाही कसं म्हणायचं? पंचेचाळीस वर्षं ज्या मागण्याची वाट पाहिली ते मागणं समोर खुर्चीत बसलं होतं. त्याने कपाटावरून पेटी काढली, गजाला राळ लावली, वाद्य छातीला टेकवलं. परतीची चाल त्याला येत होतीच, वडिलांकडून दोघांनाही एकाच ओट्यावर आलेली. सुरांत फरक नव्हता, एकाही सुराचा नाही. तो वाजवत गेला आणि तिच्या चेहऱ्यावरचा तो उजेड, कुणी खिडकीचं दार हळूहळू लोटावं तसा, कमी होत गेला. ती सभ्य बाई. शेवटपर्यंत बसली. मग म्हणाली, "आता हातही थकलेत ना. तेव्हा तुम्ही वेगळे होतात." आणि असं म्हणताना तिने ज्या मायेने रेडिओकडे, त्या बंद डब्याकडे पाहिलं, त्या मायेवर तो पेटून उठला. तिथे होता तो, तिचा एकतीस वर्षांपूर्वीचा नवरा. तो हा नव्हता.

थोरल्याच्या कारखान्यातली ती दुपार. कारखाना म्हणजे पत्र्याखालची एक खोली, भिंतीला करवती, जमिनीवर घोट्यापर्यंत भुसा. टेपवाला खूश झाला होता, "भुसा आवाज पितो, स्टुडिओपेक्षा भारी आहे हे." थोरला एका अर्धवट बनलेल्या आडव्या दारावर बसला, खालची तार एक सूर उतरवली, कुणाला काही न विचारता सुरू झाला. धाकट्याने कानाला हेडफोन लावला होता, त्यामुळे थोरल्याचा श्वाससुद्धा त्याच्या डोक्याच्या आत होता. बाहेर जायला वाटच नव्हती. दुसऱ्या मिनिटाला टेपवाल्याचा हात बटणावरून खाली आला. वाजवणं संपल्यावर नियमाप्रमाणे धाकट्याने माईकमध्ये वादकाचं नाव सांगायचं असतं. तो म्हणाला, "ही होती," आणि पुढचं नाव न घेताच त्याने हेडफोन काढून ठेवला. टेपवाला म्हणाला, "असू दे, नाव ऑफिसात जोडू." ऑफिसात टेपच्या खोक्यावर छापील कार्ड असायचं. चालीचं नाव, सादरकर्ता, कालावधी, तारीख. ‘सादरकर्ता’ या शब्दाने केंद्रात कायम गोंधळ व्हायचा. वाजवतो तोही सादर करतो आणि कार्यक्रम सांगतो तोही सादरच करतो. म्हणून धाकट्याने आपली पद्धत ठेवली होती. पुढे सादरकर्ता म्हणून स्वतःचं नाव, मागच्या कोऱ्या बाजूला वादकाचं. चारशे कार्डं तशीच. त्या दिवशी पुढची बाजू भरली, कार्ड उलटलं, पेन टेकवलं. तेवढ्यात चहा आला. चहा पिऊन झाल्यावर त्याने कार्ड खोक्यात घातलं आणि खोकं चार नंबरच्या कपाटात, खालच्या फळीवर, मागे. कोऱ्या बाजूवर पेनाचा एक ठिपका राहिला असेल. बस. त्यानंतर सहा महिने त्याला घरात बोलता आलं नाही, कारण तोंड उघडलं तर पहिलं तेच बाहेर पडेल असं वाटायचं. वडील तेव्हा होते. एकदा म्हणाले, "थोरल्याचं कधी लावतोस?" "वेळ मिळाला की." थोरल्याने स्वतः एकदाच विचारलं, तेही हसत. "अरे, आमचं ते लाकडातलं लागणारे का कधी? बायको दर रविवारी रेडिओ पुसून ठेवते." पुन्हा विचारलं नाही. पुढे बायको गेली त्याची. रेडिओ कोण पुसतं कोण जाणे.

फोन वाजला. आधी मुलीचा. ती दुसऱ्या शहरातून ओरडल्यासारखी बोलली, "बाबा, ऑफिसातले सगळे ऐकून गप्प झाले. तुम्ही असं वाजवत होतात?" त्याने फोन आईकडे दिला. मायलेकी बराच वेळ बोलत राहिल्या, नव्या सापडलेल्या नातेवाइकाविषयी बोलावं तशा. आणि फोन ठेवून दोन मिनिटं झाली नाहीत तोच पुन्हा वाजला.

"धाकट्या," थोरला म्हणाला. सत्त्याहत्तर वर्षांचा आवाज, मध्ये मध्ये भुशासारखा सांडणारा. "ऐकलं रे."

धाकट्याने भिंतीला हात टेकला. आता हा बोलेल. एकतीस वर्षं झाकलेलं आता हा एका वाक्यात उघडं करेल, आणि बायको तीन हातांवर बसली आहे.

"काय वाजवलंस रे," थोरला म्हणाला. "मला माहीतच नव्हतं तुझ्यात हे आहे म्हणून. रागावू नको, पण तू नेहमी जरा पाहुण्याच्या घरी बसल्यासारखा वाजवायचास. आज नाही. आज गुरुजींचा पाय थांबला असता बघ."

म्हणजे पाय त्यालाही ठाऊक होता. म्हणजे ओट्यावर बसून तोही त्याच पायाकडे बघत होता, आणि तरी पेटी उचलून आला होता. थोरल्याने स्वतःला ओळखलं नव्हतं. कसं ओळखणार? त्याने स्वतःचं वाजवणं बाहेरून कधी ऐकलंच नव्हतं, ते ऐकायची एकमेव सोय धाकट्याने कपाटात ठेवली होती. आता फक्त "आभारी आहे" म्हणायचं होतं. सगळं फिटत होतं. बायको त्याची, मुलगी त्याची, ते वर्ष त्याचं, आणि ज्याचं होतं तो स्वतःच्या हाताने देऊन चालला होता, मनात कसलीही जळजळ नसताना. ते मात्र सहन होईना. सूर गेले, पाय गेला, आणि आता हेवा न करणंसुद्धा यालाच जमावं?

"ते तू वाजवलंयस," तो म्हणाला.

"काय?"

"तुझ्या कारखान्यात. टेपवाल्याबरोबर आलो होतो ना. मी कार्डावर तुझं नाव लिहिलं नाही. राहिलं नाही. लिहिलं नाही."

मग थोरला म्हणाला, "मी?" आणि थोड्या वेळाने, कारागीर आपल्याच जुन्या दाराची चौकट चाचपतो तसा, "असं होय. मग दुसऱ्या फेरीत घाई झालीय रे जरा. आणि खालची तार किंचित जास्तच उतरली होती."

"घाई नाही."

"आहे. आता सांगतोस तर कळतंय. त्या रेडिओवरच्या पोरीला सांगत नको बसू, उगाच तिची पंचाईत."

"येत्या रविवारी सांगायला लावणार आहे. नावासकट."

"मग दुसरी फेरी कापून लावा म्हणावं."

धाकट्याने फोन छातीशी धरला आणि वळला. बायको उभी होती. सगळं तिने ऐकलं होतं, खोलीच केवढीशी.

"म्हणजे ते तुम्ही नव्हतात," ती म्हणाली.

"नाही."

"मग त्या वर्षी तुमच्या आत काय होतं?"

"जळफळाट," तो म्हणाला. एवढा शब्द उच्चारायला पंच्याहत्तर वर्षं लागली होती, आणि तो अगदी नेहमीच्या निवेदकाच्या आवाजात, स्पष्ट बाहेर पडला.

"एवढा? सहा महिने?"

"एवढा."

ती त्याच्याकडे बघत राहिली. चेहऱ्यावरचा तो उजेड गेला होता. तो जाणार हे त्याला ठाऊक होतं आणि तरी तो जाताना त्याने पाहिला. मग तिच्या कपाळावर एक आठी आली, आणि ती आठी भलत्याच दिशेला वळली. "मला वाटलं होतं," ती म्हणाली, "बाई आहे कुणीतरी."

"बाई नव्हती. सुतार होता."

ती हसली नाही, पण नाकातून एक श्वास असा सुटला की हसण्याला फारसं अंतर नव्हतं. "द्या तो फोन," ती म्हणाली.

"आत्ता कशाला?"

"द्या म्हणते ना."

त्याने दिला. ती भिंतीला पाठ टेकून उभी राहिली, दोन्ही हातांनी फोन धरून. "भावजी, मी बोलतेय. हो, कळलं. आत्ताच, तुमच्याबरोबरच म्हणायचं." ती ऐकू लागली. "नाही हो, घाई कुठली. मला तर तिथेच भरून आलं." पुन्हा ऐकू लागली. पलीकडून काय येत होतं ते धाकट्याला कळेना, नुसती खरखर. बत्तीस वर्षं हेडफोन लावून दुसऱ्यांचं ऐकलेला माणूस तो, आणि आपल्याच घरात तीन हातांवरचं एक वाक्य त्याच्या वाट्याला येत नव्हतं. ती मान हलवत होती. मध्येच तिने पदर तोंडाशी नेला आणि खुदकन हसली, कशाला ते देव जाणे. हसताना डाव्या गालाला एक वळी पडली. ही वळी केव्हापासून आहे? आधीपासून? की अलीकडची? केस कानामागे असे आखूड केव्हा कापले तिने? त्याला आठवेना. छातीतली कळ होती तिथेच होती, कमी झाली नव्हती, उलट धारदार झाली होती. आणि तो तिथून हलत नव्हता, नजरही काढत नव्हता.

"ते ना? आहेत की, इथेच उभे आहेत," ती फोनमध्ये म्हणत होती. "रडत? नाही हो, रडताहेत कुठले." तिने डोळे वर केले. "माझ्याकडे बघताहेत," ती म्हणाली, आणि तिने त्याला बघू दिलं.